घरावरची छत्री कोणाची बसवावी?

दसरा-दिवाळीच्या तोंडावर अनेक घरांत नवा टीव्ही येतो आणि त्याच्या पाठोपाठ कनेक्शन कोणाचे घ्यायचे हा प्रश्नही येतो. गेल्या दोन महिन्यांत कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत हा विषय इतक्या वेळा आला की, या अंकातील सदराची सर्व जागा त्यालाच देत आहोत. पत्रांतील मजकूर जागेअभावी थोडा आटोपशीर केला आहे.

प्रश्न : आम्ही राजारामपुरीत स्वतःच्या घरात राहतो. आईला सकाळी कीर्तन-अभंग आणि रात्री मराठी मालिका लागतात, मुलाला क्रिकेट हवे असते, आणि पत्नीचे माहेर चिकोडीचे असल्याने तिला तीन-चार कन्नड वाहिन्या हव्या आहेत. तीन विक्रेते घरी येऊन गेले. प्रत्येकाने आपल्याच कंपनीचे चित्र सर्वांत स्वच्छ आणि आपलाच पॅक सर्वांत स्वस्त असे सांगितले. तिघांचे दर पत्रासोबत जोडले आहेत. आम्ही कोणती कंपनी निवडावी?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : आपण तिघांचे दर व्यवस्थित उतरवून पाठवले आहेत, पण आपल्या घरात आठवडाभरात प्रत्यक्ष कोणत्या वाहिन्या लावल्या जातात, याची यादी मात्र पत्रात नाही. माझ्या मते निवडीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

याचे कारण दरांच्या रचनेत आहे. 1 फेब्रुवारी 2019 पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, नवी दररचना अमलात आली. तेव्हापासून प्रत्येक सशुल्क वाहिनीची कमाल किंमत त्या वाहिनीचा मालक जाहीर करतो, आणि छत्रीवाली, म्हणजे डिश अँटेना बसवून उपग्रहावरून थेट घरी वाहिन्या देणारी, कंपनी असो किंवा गल्लीतला केबलवाला असो, त्याहून जास्त पैसे कोणालाही घेता येत नाहीत. साबणाच्या वडीवरची छापील किंमत राजारामपुरीत आणि लक्ष्मीपुरीत वेगळी नसते, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे ‘आमच्याकडे मराठी वाहिन्या स्वस्त आहेत’ या बोलण्यात फारसे तथ्य नसते. पत्नीच्या कन्नड वाहिन्यांचेही तसेच आहे. पूर्वी त्यांच्यासाठी अख्खा दक्षिणेकडचा पॅक घ्यावा लागे. आता हव्या तेवढ्याच वाहिन्या सुट्या मागण्याचा आपल्याला हक्क आहे. विक्रेते ही गोष्ट आपण होऊन सांगत नाहीत, म्हणून ती आपणच विचारावी लागते.

खर्चात जो फरक पडतो तो वाहिन्यांच्या किमतीबाहेरच्या गोष्टींमुळे पडतो. पहिली गोष्ट म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्याबद्दल घेतले जाणारे नेटवर्क क्षमता शुल्क, ज्याला कंपन्यांचे लोक एनसीएफ म्हणतात. सुरुवातीला शंभर वाहिन्यांसाठी 130 रुपये आणि त्यावर 18 टक्के कर, म्हणजे 153 रुपये 40 पैसे, अशी त्याची कमाल मर्यादा होती. पुढे त्याच रकमेत दोनशे वाहिन्या द्याव्यात असे ठरले, आणि जुलै 2024 मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादाच काढून घेतली. आज हे शुल्क किती असावे हे कंपनी स्वतः ठरवते, आणि म्हणूनच ते विचारून, शक्य झाल्यास लिहून घेणे आवश्यक झाले आहे. आपण पाठवलेल्या तीन कागदांपैकी एकावरच ते वेगळे दाखवले आहे. उरलेल्या दोघांनी ते पॅकच्या रकमेत मिसळले आहे, त्यामुळे त्या तीन रकमा एकमेकींशी ताडून पाहताच येत नाहीत. तिघांनाही पुन्हा बोलवावे आणि वाहिन्यांची किंमत, नेटवर्क शुल्क आणि कर असे तीन आकडे वेगवेगळे लिहून द्यायला सांगावे.

आता यादीविषयी. टीव्हीशेजारी एक वही ठेवावी आणि सात दिवस, जो रिमोट हातात घेईल त्याने लावलेल्या वाहिनीचे नाव तीत लिहावे. हा प्रयोग मी माझ्या घरी केला होता. आठवड्याच्या शेवटी वहीत सोळा नावे होती, आणि त्यांतली पाच अशी होती की ज्यांवर जाहिरात लागताच कोणीतरी पुढे गेले होते. आम्ही त्या वेळी दोनशेहून अधिक वाहिन्यांचा पॅक भरत होतो. तुमच्या घरी आईंच्या मालिकांसाठी दोन किंवा तीन मराठी वाहिन्या, एखादी चित्रपटांची वाहिनी, कन्नड वाहिन्या आणि एखाद-दुसरी बातम्यांची वाहिनी, एवढ्यावर बहुधा यादी संपेल. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या सर्वच कंपन्यांना दाखवाव्या लागतात, त्यामुळे सह्याद्रीसाठी वेगळे काही करावे लागणार नाही. खेळांच्या वाहिन्या महाग असतात. मुलाला ज्या मालिकेत किंवा स्पर्धेत खरोखर रस आहे तेवढ्या काळापुरत्याच त्या घ्याव्यात आणि नंतर काढून टाकाव्यात. मात्र घेतलेली वाहिनी किती दिवसांनी काढता येते, हे आधी विचारून घ्यावे.

यादी हाती आल्यावर सुट्या वाहिन्या घेणे स्वस्त की समूह, म्हणजे अनेक वाहिन्यांचा एकत्रित गट, घेणे स्वस्त, हे दोन्ही बेरजा करून पाहावे. 19 रुपयांपेक्षा महाग असलेली वाहिनी समूहात घालता येत नाही, असा सध्याचा नियम आहे. एकाच मालकाच्या तीन-चार वाहिन्या आपल्या यादीत असतील तर समूह परवडतो. एकच असेल तर सुटी घेणे बरे. एचडी वाहिन्यांबाबतही असेच हात राखून वागावे. एचडी वाहिनीची किंमत साध्या वाहिनीपेक्षा सहसा जास्त असते. आपला नवा टीव्ही 43 इंचांचा आहे, तेव्हा क्रिकेटसाठी आणि आई रोज ज्या वाहिनीवर मालिका पाहतात त्या एका वाहिनीसाठी एचडी घ्यावी. बातम्या एचडीत पाहून वेगळे काही मिळत नाही. आणखी एक, बॉक्स एचडी असूनही तो जुन्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारेने जोडलेला मी अनेक घरांत पाहिला आहे. त्या तारेतून एचडी चित्र येतच नाही. बसवायला येणाऱ्या माणसाकडून एचडीएमआय तारेची जोडणी करून घ्यावी.

राहिला प्रश्न कंपनीचा. महाराष्ट्रात पैसे भरून घेण्याच्या छत्र्यांत सध्या टाटा प्ले, एअरटेल, आणि डिश टीव्ही व डीटूएच ही नावे प्रामुख्याने दिसतात. यांपैकी शेवटची दोन 2018 मध्ये एकाच कंपनीखाली आली, तरी त्यांचे उपग्रह आणि बॉक्स वेगवेगळेच आहेत. यांतल्या कोणत्याही एकीचे चित्र दुसरीपेक्षा डोळ्यांना जाणवेल इतके सरस आहे, असे मला वाटत नाही. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेसाठी चालत नाही. ते बदलावे अशी शिफारस ट्रायने 2020 मध्ये केली होती, पण ग्राहकाच्या घरी अजून ते पोहोचलेले नाही. म्हणजे आज घेतलेला निर्णय पुढे तीन-चार वर्षे आपल्याला बांधून ठेवणार आहे, आणि या काळात आपला खरा संबंध येईल तो कंपनीच्या जाहिरातीशी नव्हे, तर तिच्या वतीने राजारामपुरीत काम करणाऱ्या माणसाशी.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, तिन्ही बेरजांत महिन्याला तीस-चाळीस रुपयांपेक्षा जास्त फरक नसेल तर तो फरक विसरून जावा आणि आपल्या गल्लीत विचारणा करावी. शेजारच्या पाच घरांत जाऊन एवढेच विचारावे : गेल्या जुलैमध्ये तुमचे सिग्नल गेले तेव्हा माणूस कितव्या दिवशी आला, आणि तो गच्चीवर चढला की खालूनच फोनवर बोलून निघून गेला? ज्या कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन गच्चीवर चढला असेल, ती कंपनी आपल्यासाठी चांगली. आपल्या आई दिवसभर घरी असतात, सायंकाळच्या मालिका हा त्यांच्या दिवसाचा मोठा आधार आहे असे आपणच लिहिले आहे. त्यांच्या दृष्टीने चार दिवस बंद पडलेला स्वस्त पॅक हा सर्वांत महाग पॅक ठरेल.

प्रश्न : पावसाळ्यात आमची छत्री दिवसातून पाच-सहा वेळा बंद पडते. शेजाऱ्यांची वेगळ्या कंपनीची छत्री त्याच वेळी चालू असते. पावसात सिग्नल न जाणारी कंपनी कोणती?
— एक वाचक, साळवण, ता. गगनबावडा

उत्तर : जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस आपल्या तालुक्यात पडतो, तेव्हा आपल्या प्रश्नाचे गांभीर्य मी समजू शकतो. पण धारेच्या पावसात सिग्नल अजिबात न जाणारी घरगुती छत्री कोणाकडेही नाही. या सर्व सेवा ज्या लहरींवर चालतात, त्यांची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते, आणि पावसाचे टपोरे थेंब त्या लहरी शोषून घेतात व इकडेतिकडे पसरवतात. केबलवाल्यांच्या नियंत्रण कक्षावर ज्या मोठ्या छत्र्या असतात, त्यांतल्या बहुतेक याहून लांब लहरी पकडतात, म्हणून त्यांना पावसाचा त्रास कमी होतो.

शेजाऱ्यांची छत्री चालू राहते, यामागे मात्र खरे कारण असू शकते. हे सर्व उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर आहेत, पण प्रत्येकाची जागा वेगळी आहे. टाटा प्लेचे उपग्रह 83 अंश पूर्व रेखांशावर, डीटूएचचे 88 वर, डिश टीव्हीचे 95 वर आणि एअरटेलचे 108.2 वर आहेत. कोल्हापूर जिल्हा 74 अंशांच्या आसपास येतो. आपल्या अंगणातून पाहिले तर 83 अंशांवरचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे 68 अंश उंच, म्हणजे बराचसा डोक्यावर असतो, तर 108 अंशांवरचा सुमारे 47 अंशांवर, पूर्वेकडे कललेला दिसतो. लहरी जितक्या तिरप्या येतील तितका त्यांचा पावसातला प्रवास लांबतो. या दोन टोकांमध्ये तो सुमारे सव्वापट होतो. पण एवढ्यावरून कंपनी निवडू नये. उपग्रहाची आपल्या भागावरची क्षेपणशक्ती आणि छत्रीचा आकार यांचाही तितकाच परिणाम होतो, आणि सर्वांत जास्त परिणाम होतो तो छत्री किती नेमकी लावली आहे याचा.

बसवणारा माणूस उन्हाळ्यात येतो, चित्र दिसले की नट आवळतो आणि जातो. कोरड्या हवेत छत्री एखादा अंश चुकलेली असली तरी चित्र येते, कारण सिग्नल गरजेपेक्षा जास्त असतो. पावसात तोच जास्तीचा सिग्नल कामी यायचा असतो, आणि तो आधीच चुकीच्या कोनात वाया गेलेला असतो. बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता अशा दोन पट्ट्या दिसतात. त्यांतली गुणवत्तेची पट्टी कोरड्या दिवशी जितकी वर नेता येईल तितकी न्यावी, आणि त्यासाठी तंत्रज्ञाला छत्री अगदी केसभर इकडेतिकडे हलवायला सांगावी. हे काम दहा मिनिटांचे आहे. त्याने कंटाळा केला तरी आपण आग्रह सोडू नये.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे तारेचा जोड. पाऊस थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत चित्र परत येत असेल, तर दोष पावसाचा. पाऊस थांबून तास झाला, ऊन पडले, तरी चित्र येत नसेल, तर पाणी जोडात शिरले आहे असे समजावे. मागच्या श्रावणात फुलेवाडीतल्या एका नातेवाइकांच्या गच्चीवर मी असाच एक जोड उघडला. आतल्या तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढलेला होता आणि जोड उलटा करताच दोन थेंब हातावर पडले. तार छत्रीकडून थेट खाली आणि मग भिंतीतून आत गेलेली होती. पाणी तिच्यावरूनच ओघळत जोडापर्यंत येत होते. तारेचे काळवंडलेले टोक कापून नवा जोड बसवला, त्यावर पाणी न शिरू देणारी रबरी टेप गुंडाळली, आणि पाणी तारेच्या तळाशी गळून पडावे म्हणून जोडाच्या आधी तारेला खालच्या बाजूने एक झोल दिला. कंपनीकडे नवीन एलएनबीचे पैसे भरण्याची तयारी त्या घरी झाली होती. ते पैसे वाचले. छत्रीच्या दांडीच्या टोकाला, तव्याकडे तोंड करून जो छोटा डबा असतो तोच एलएनबी. त्याच्या तोंडावरचे प्लास्टिकचे झाकण उन्हाने तडकते, तेही एकदा पाहून घ्यावे.

आपल्याकडे झाडे भरपूर आहेत. मे महिन्यात मोकळी दिसणारी दिशा ऑगस्टमध्ये ओल्या पानांनी भरून जाते, आणि ओली पाने लहरी चांगल्याच अडवतात. आग्नेयेकडची फांदी छाटता येत असेल तर वळवाआधी छाटून घ्यावी. मार्च महिन्यात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस, कोरड्या हवेतही, दिवसा ठरावीक वेळी काही मिनिटे चित्र जाते. त्या वेळी सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो. त्यासाठी तक्रार नोंदवू नये आणि छत्रीला हात लावू नये.

प्रश्न : नागाळा पार्कात सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमची सदनिका आहे. गच्चीवर छिद्रे पाडायला सोसायटीची मनाई आहे. आमची एक बाल्कनी पश्चिमेला आणि दुसरी पूर्वेला आहे. बाल्कनीत छत्री बसेल का?
— एक वाचक, नागाळा पार्क

उत्तर : पश्चिमेच्या बाल्कनीत कोणत्याही कंपनीची छत्री चालणार नाही, कारण आपल्याकडून पाहता हे सर्व उपग्रह दक्षिण आणि पूर्व यांच्या मधल्या भागात आहेत. पूर्वेच्या बाल्कनीत चालू शकेल, पण तिथे वर सांगितलेला हिशेब उलटा होतो. डोक्यावर चौथ्या मजल्याचा स्लॅब आहे. क्षितिजापासून 68 अंश उंच असलेला टाटा प्लेचा उपग्रह त्या स्लॅबच्या आड जातो. तो पकडण्यासाठी छत्री कठड्याच्या बरीच बाहेर काढावी लागेल. शिवाय तो दक्षिणेपासून पूर्वेकडे जेमतेम 28 अंशांवर आहे, म्हणजे पूर्वेच्या बाल्कनीतून पाहता तो बाजूच्या भिंतीकडे जातो. 108 अंश रेखांशावरचा एअरटेलचा उपग्रह खाली, 47 अंश उंचीवर, आणि पूर्वेकडे जास्त सरकलेला असल्याने तो आपल्या बाल्कनीतून दिसण्याची शक्यता अधिक आहे. पावसाच्या दृष्टीने ज्याची बाजू थोडी पडती, तोच इथे सोयीचा ठरतो.

समोरच्या इमारतीविषयी एक साधा ठोकताळा सांगतो. 47 अंश उंचीवरच्या उपग्रहासाठी, छत्रीपेक्षा समोरची इमारत जितके फूट उंच असेल, साधारण तितके फूट अंतर मधे मोकळे हवे. 68 अंशांसाठी त्याच्या निम्म्याहून कमी पुरते. पैसे भरण्याआधी तंत्रज्ञाला घरी बोलवून जागेवर सिग्नल दाखवायला सांगावे, आणि तो दाखवल्याशिवाय पावती करू नये. बाल्कनीबाहेर काढलेली छत्री मजबूत फास्टनरने बसलेली असावी, कारण वळवाच्या वाऱ्याने ती सुटली तर खाली माणसे असतात.

याहून चांगला मार्ग म्हणजे सोसायटीने गच्चीवर एकच छत्री बसवून तिच्यावरून सर्व सदनिकांना तारा देणे. अशी व्यवस्था कंपन्या करून देतात. सात मजली इमारतीच्या गच्चीवर तीस छत्र्या बसल्या तर वॉटरप्रूफिंगचे काय होते, हे सोसायटीला माहीत आहे म्हणूनच ती मनाई आहे. त्यामुळे हा प्रस्ताव पुढील सभेत मांडल्यास विरोध होईल असे वाटत नाही.

प्रश्न : दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीसाठी पूर्ण पैसे पुन्हा भरावे लागतात का?
— एक वाचक, कळंबा

उत्तर : छत्री तीच चालते, दोन तारांचा एलएनबी आणि दुसरा बॉक्स लागतो. 2020 मध्ये ट्रायने त्याच घरातल्या जास्तीच्या टीव्हीसाठी नेटवर्क शुल्क पहिल्याच्या 40 टक्क्यांपर्यंतच घेता येईल असे ठरवले होते. आता शुल्कावरची मर्यादा उठल्याने प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा विचारावा लागतो. दुसऱ्या टीव्हीवर पहिल्यापेक्षा वेगळ्या, कमी वाहिन्या ठेवता येतात, हे लक्षात असू द्यावे.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. आई-वडील भुदरगड तालुक्यातल्या गावी असतात, दोघांचेही वय सत्तरीच्या पुढे आहे. दर महिन्याला रिचार्ज संपला की टीव्ही बंद पडतो आणि मला फोन येतो. त्यांच्यासाठी दूरदर्शनची मोफत छत्री घ्यावी का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : डीडी फ्री डिश ही प्रसार भारतीची सेवा डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घेतला की पुढे महिन्याचे काही भरावे लागत नाही. दूरदर्शनच्या वाहिन्या, काही खासगी मोफत वाहिन्या, आकाशवाणी आणि विद्यार्थ्यांसाठीच्या शैक्षणिक वाहिन्या तिच्यावर मिळतात. रिचार्ज नसल्याने टीव्ही बंद पडण्याचा प्रश्नच राहत नाही, आणि वृद्ध माणसांसाठी ही मोठी सोय आहे.

मात्र आईला मोठ्या सशुल्क वाहिन्यांवरच्या रोजच्या मराठी मालिका पाहण्याची सवय असेल, तर त्या इथे मिळणार नाहीत. खासगी वाहिन्यांना तिथली जागा लिलावातून घ्यावी लागते, त्यामुळे आज दिसणारी वाहिनी काही महिन्यांनी दिसेनाशी होऊ शकते, आणि मग बॉक्समध्ये वाहिन्या पुन्हा शोधाव्या लागतात. हे काम वडिलांना जमेल का, याचा विचार करावा. निर्णय घेण्याआधी गावी जाऊन आईबरोबर दोन संध्याकाळ टीव्हीसमोर बसावे आणि ती काय लावते ते पाहावे. तिच्या वाहिन्या सशुल्क निघाल्या तर आहे तेच कनेक्शन ठेवावे, त्याचा ग्राहक क्रमांक आपल्या मोबाइलमध्ये नोंदवावा आणि रिचार्जची तारीख आपणच सांभाळावी. आईची मालिका बंद करून आपली मासिक कटकट वाचवणे मला योग्य वाटत नाही. आणि ती बातम्या, सह्याद्री आणि जुने चित्रपट यांवरच समाधानी असेल, तर पुढच्याच सुट्टीत मोफत छत्री बसवून द्यावी.

प्रश्न : बारा महिन्यांचे पैसे एकदम भरले तर एक महिना मोफत मिळतो, असे विक्रेता सांगतो. भरावे का? दुसरे म्हणजे, आमच्या केबलवर शाहू स्टेडियमवरचे फुटबॉल सामने दिसतात. छत्री घेतल्यावर ते दिसतील का?
— एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : पहिल्या वर्षी भरू नयेत. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका कंपनीकडे वर्षाचे पैसे एकदम भरले होते. तिसऱ्या महिन्यात आम्हाला घर बदलावे लागले, आणि नव्या घरासमोर उंच इमारत असल्याने तिथे सिग्नल मिळत नव्हता. उरलेले पैसे परत मागितले तेव्हा कळले की, मोफत महिना आणि बसवणीवरची सूट वजा करून जे उरते तेवढेच मिळेल, आणि तेही बॉक्स परत केल्यावर. बॉक्स आपण विकत घेतला आहे अशी माझी समजूत होती. पावतीच्या मागच्या बाजूला तो वापरण्यासाठी दिलेला असल्याचे बारीक अक्षरांत छापलेले होते. चार महिने पत्रव्यवहार केल्यावर निम्म्याहून कमी रक्कम मिळाली. तो अनुभव दुसऱ्या कोणाला येऊ नये असे मला मनापासून वाटते. म्हणून पावती करताना बॉक्स मालकीचा, भाड्याचा की हप्त्याचा, तो बिघडला तर किती वर्षे विनामूल्य दुरुस्त होतो, आणि घर बदलल्यास छत्री हलवण्याचे किती पैसे पडतात, हे तिथेच विचारून पावतीवर लिहून घ्यावे. एक पावसाळा चांगला गेला, माणूस वेळेवर आला, तर दुसऱ्या वर्षी खुशाल वर्षाचे भरावेत. कंपनी तक्रारीची दाद देत नसेल तर तिने तक्रारींसाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावरही दाद मागता येते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. स्थानिक केबलची वाहिनी छत्रीवर येत नाही. शिवाजी पेठेत राहणाऱ्या आणि तालमीच्या फुटबॉल संघाचे सामने चुकवू न देणाऱ्या घराने केबल सोडू नये, असेच मी म्हणेन. नवरात्रातले अंबाबाईचे दर्शन, दसरा चौकातला सोहळा, पेठेतल्या मिरवणुका हे सर्व ज्या वाहिनीवर घरबसल्या दिसते ती वाहिनी दिल्ली-मुंबईच्या कोणत्याही पॅकमध्ये मिळणार नाही. केबलची अडचण एवढीच आहे की, तिला नियंत्रण कक्षापासून आपल्या गल्लीतल्या डब्यापर्यंत सगळीकडे वीज लागते. 2019 आणि 2021 च्या महापुरात नदीकाठच्या भागांतली वीज बंद करावी लागली, तशा वेळी आपल्या घरी वीज असूनही केबल बंद राहू शकते, आणि छत्री आपल्या घरच्या विजेवर चालत राहते. आपला भाग उंचावर आहे, त्यामुळे एवढ्यासाठी छत्री घेण्याची गरज नाही.

ट्रायचे दराचे नियम केबललाही लागू आहेत. तेव्हा केबलवाल्याकडूनही सुट्या वाहिन्यांचा हिशेब मागावा, दर महिन्याची पावती घ्यावी, आणि स्थानिक वाहिनी पॅक बदलल्यावरही चालू राहील ना, एवढे त्याला फुटबॉलचा हंगाम सुरू होण्यापूर्वी विचारून ठेवावे.